चार सह्यांची खोली

रविवारी दुपारी बोरशांच्या घरात वरण-बट्टी होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. सून दिपमाला बट्ट्या करायची ती एक तर पाहुणे आले म्हणून, नाहीतर कुणाला काही सुनावायचं म्हणून. गुढीपाडव्याला सोफ्यावरून झालेल्या भांडणानंतर जळगावची लेक सविता आज पहिल्यांदाच देवपूरच्या घरी जेवायला बसली होती. तेव्हा आज दोन्ही कारणं असणार, हे तोताराम नानांनी पाटावर बसल्या बसल्या ओळखलं आणि बट्टी कुस्करायला घेतली. बत्तीस वर्षं धुळे डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला उशिरा येणाऱ्या गाड्यांची आणि वेळेवर येणाऱ्या संकटांची सवय असते.

संकट नातीच्या लॅपटॉपमध्ये होतं. हेमांगी जळगावला सविता आत्याकडे राहायची आणि तिथल्याच एका छोट्या कंपनीत काम करायची. नानांच्या पांझरा क्लबसाठी त्या कंपनीनं 'सभासद-सोबती' नावाचं अ‍ॅप बनवलं होतं. आता चहा अ‍ॅपवर मागवायचा, बॅडमिंटनचं कोर्ट अ‍ॅपवर धरायचं, दारावरच्या यंत्राला तोंड दाखवून आत जायचं. क्लबचा अध्यक्ष म्हणजे हेमांगीचा बाप दीपक. उद्घाटन आज चार वाजता होतं, आणि दीपकनं त्यासाठी सकाळपासून कोट घातला होता. जेवतानाही.

"आजोबा," हेमांगी म्हणाली, "झुलाल आजोबा कधी वारले हो?"

नानांनी वरणावर तूप घेतलं. "दोन वर्षं झाली. का गं?"

"आणि भटू आजोबा?"

"तीन."

"लोटन आजोबा?"

"चार होतील. कोरोनात नाही गेला, नंतर गेला. कोरोनात त्याला फार गर्दी वाटली असेल."

हेमांगीनं लॅपटॉप ताटांच्या मधोमध आणून ठेवला. "मग हे तिघं काल संध्याकाळी पाच वाजता क्लबात कसे होते?"

झालं होतं ते असं. हेमांगीच्या ऑफिसातल्या दोन मुलींनी क्लबची तीन वर्षांची हजेरी वह्यांमधून अ‍ॅपमध्ये चढवली होती. त्यांचं काम चोख होतं. वहीत जी सही दिसली ती त्यांनी हजर धरली, सही करणारा जिवंत आहे का हे विचारण्याचा रकाना त्यांना कुणी दिलाच नव्हता. मग अ‍ॅपनं कुणी न सांगता सर्वात निष्ठावान सभासद शोधून काढले. पहिल्या नंबरावर चौघांची बरोबरी होती. तोताराम बोरसे, लोटन शिंपी, भटू चौधरी, झुलाल पाटील. प्रत्येकी नऊशे बावीस दिवस. या चौघांना 'सुवर्ण सभासद' करावं, असं अ‍ॅपनं सुचवलं, अध्यक्षांनी एका लग्नात जेवता जेवता मोबाईलवर 'मंजूर' दाबलं, आणि नव्यानंच लागलेल्या मॅनेजर झिपरूनं हसऱ्या फोटोंसकट चार प्रमाणपत्रं काचेत मढवूनही आणली.

"मी भटूकाकांना खांदा दिला होता!" दीपक ओरडला.

"मग मंजुरी देताना आठवायला नको?" सविता म्हणाली.

"झुलाल आजोबांची सही तर त्यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशीपण आहे," हेमांगी म्हणाली. "पाच वीसची."

"त्या दिवशी जरा उशीर झाला," नाना म्हणाले. "अमरधामातून सरळ गेलो."

"आणि मागच्या पावसाळ्यात सोळा दिवस चौघंही नाहीत."

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं."

दीपकनं हातातली बट्टी ताटात ठेवली. "म्हणजे नाना, या सगळ्या सह्या तुम्ही केल्या?"

"सगळ्या नाही. लोटनची पहिल्या वर्षी भटू करायचा. त्याची चांगली यायची. भटू गेल्यावर त्याची झुलाल करायला लागला आणि लोटनची माझ्याकडे आली. झुलाल गेल्यावर मग सगळंच माझ्याकडे आलं."

हे त्यांनी शेताची वाटणी सांगावी तसं सांगितलं.

कारण नियम सतरा. 'पत्त्यांची खोली किमान चार सभासदांच्या सह्या झाल्याशिवाय उघडू नये.' क्लब निघाला त्या वर्षी हा नियम सभेत मांडला होता तो खुद्द तोताराम बोरशांनी. त्या काळी एक वकील दुपारी एकटाच त्या खोलीत जाऊन पंख्याखाली झोपायचा. "एकटा माणूस पत्त्यांच्या खोलीत जाऊन करणार तरी काय?" असं त्या सभेत नानांनी विचारलं होतं, आणि सगळी सभा हसली होती. सगळ्यात मोठ्यानं लोटन.

"पुढच्या महिन्यात निवडणूक आहे," दीपक म्हणाला. "समोरची फळी काय म्हणेल? अध्यक्षाचा बाप मेलेल्या माणसांच्या सह्या करतो!"

"म्हणतील काय, करतोच," नाना म्हणाले.

"दादा, त्यांच्यावर ओरडू नको," सविता मध्ये पडली. "म्हातारा माणूस. दोन तास खोलीत बसतो, कुणाचं काय खातो?"

नानांना बरं वाटलं. पण सविताचं वाक्य संपलं नव्हतं.

"म्हणूनच मी म्हणत होते, नानांना जळगावला पाठव. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांचा कट्टा आहे, बाग आहे. इथे ते मेलेल्या माणसांत बसतात, आणि तुम्हाला दोन वर्षांत पत्ता नाही."

दीपकनं बहिणीकडे पाहिलं. सोफा कुणाचा यावर या दोघांनी आठ महिने एकमेकांना फोन केला नव्हता. नाना कुणाचे यावर त्यांचं दोन मिनिटांत जमलं. "तू म्हणतेस ते अगदीच चूक नाही," तो म्हणाला. "थोडे दिवस हवापालट. निवडणूक होईपर्यंत तरी."

"नाना कुठेही जाणार नाहीत."

हे दिपमाला म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, कारण नानांचा क्लब म्हणजे रिकामटेकड्यांचा बाजार असं गेली वीस वर्षं म्हणत आलेली बाई तीच होती.

"नाना इथेच राहतील आणि पाच वाजता क्लबात जातील," ती बट्टीचं भांडं उचलत म्हणाली. "पाच ते सात हे घर माझं असतं. ते मोडायचं नाही."

पाच ते सात ती घरात काय करायची, हे कुणालाच माहीत नव्हतं. नानांना पहिल्यांदाच वाटलं, विचारायला हवं होतं. पण ती तोवर स्वयंपाकघरात गेली होती आणि नळ मोठा सोडला होता.

हेमांगी मात्र अजून लॅपटॉपवरच होती. "आजोबा, चार सह्या करून आत जाऊन तुम्ही करता काय?"

"मेंढीकोट खेळतो."

"एकटे?"

"मेंढीकोट एकट्यानं खेळता येत नाही," नाना म्हणाले. "चौघं लागतात. दोन-दोन भिडू समोरासमोर. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या मारायच्या. चारही एका बाजूला आल्या की कोट."

"पण मग सगळ्यांची पानं तुम्हालाच दिसत असतील."

"दिसतात. बघायचं आणि विसरायचं."

"जमतं?"

"पहिले सहा महिने जड गेलं. आता भटूची पानं बघतो, खुर्ची बदलतो, आणि मला काहीच आठवत नाही. भटू अजूनही लबाडी करतो ते वेगळं. मी आणि लोटन एका बाजूला. आम्ही बहुतेक हरतो."

दीपकनं डोक्याला हात लावला. बट्टीचा. केसांना तूप लागलं.

*

ठरलं ते असं: हेमांगीनं चारच्या आत तिन्ही नावं अ‍ॅपमधून काढायची, झिपरूनं तीन फ्रेमा कपाटात टाकायच्या, आणि नानांनी काही बोलायचं नाही. नानांनी एकच मागितलं. नावं आपण स्वतः काढणार.

"वहीत त्यांना मी आणलं. बाहेरही मीच सोडतो."

तीन वाजता ते सगळे क्लबात पोचले. दारात झेंडूच्या माळा होत्या आणि हॉलमध्ये झिपरू खुर्च्या मांडत होता. हेमांगीनं नानांना ऑफिसात टॅबलेटसमोर बसवलं. पडद्यावर लोटन हसत होता. अठ्ठ्याण्णव सालच्या स्पर्धेतल्या ग्रुप फोटोतून कापून काढलेला चेहरा होता तो. त्या दिवशी चारही मेंढ्या त्यानं एकट्यानं मारल्या होत्या. फोटोखाली प्रश्न होता: सभासदत्व बंद करण्याचे कारण निवडा. राजीनामा, बदली, स्थलांतर, निधन, इतर.

नानांचं बोट बराच वेळ 'बदली'वर घुटमळलं. लोटन एसटीतच मेकॅनिक होता. बदलीला कधी घाबरला नाही.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी झिपरूला अहिराणीत विचारलं, "लोटन शिंपी कठे बसतस आठे?"

झिपरूच्या हातातून खुर्ची पडली.

दारात एक म्हातारी उभी होती. पांढरी साडी, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात बटणांचा जुना फोन. लोटनची बायको धुरपदाबाई. लोटन गेल्यावर त्या एरंडोलला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. नाना उठून बाहेर आले.

"वहिनी? तुम्ही कव्हय उनात?"

"आतेच उनू. एकनी बस धरी." त्यांनी फोन नानांसमोर धरला. "हाई काय शे, नाना? पंधरा दिन व्हयी गयात, रोज पाच वाजता टिंग करस. मी अक्षर लावी लावी वाचं. 'लोटन शिंपी, आज आपण क्लबात हजर आहात. आपली संध्याकाळ आनंदात जावो.' ज्या मानूसले मी चार वरीस पहिले वाटे लाया, तो रोज कठे हजर ऱ्हास, ते देखाले उनू."

अ‍ॅपची चाचणी पंधरा दिवसांपासून चालू होती. झिपरू रोज वहीतल्या सह्या पाहून नावं टॅबलेटवर चढवायचा, आणि अ‍ॅप ज्याच्या त्याच्या नंबरवर शुभेच्छा पाठवायचं. झुलालचा नंबर बंद होता. भटूचा नंबर आता पिंपळनेरच्या कुठल्याशा मुलीला मिळाला होता, तिनं क्लबला ब्लॉक केलं होतं. लोटनचा नंबर मात्र धुरपदाबाईंनी चालू ठेवला होता.

दीपक कोट सावरत पुढे आला. "काकू, तांत्रिक चूक झाली. सॉफ्टवेअरची."

"सॉफ्टवेअरची नाही, पप्पा," हेमांगी म्हणाली.

"मंग कोनी शे?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"मन्ही," नाना म्हणाले. "त्यानी सही मी करस."

हॉलमध्ये कुणीतरी माईक तपासत होतं. हॅलो, हॅलो. धुरपदाबाई नानांकडे पाहत राहिल्या. आता ही बाई रडेल किंवा शिव्या देईल, असं दीपकला वाटलं असावं, कारण तो एक पाऊल मागे सरकला.

"बरोबर करतस का?" धुरपदाबाई म्हणाल्या. "त्यानी सही वाकडी व्हती."

"वाकडीच करस, वहिनी."

त्यांनी मान हलवली. "ती खोली दखाडा माले. चाळीस वरीस आयकं, कधी देखी नही."

पत्त्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दाराच्या चौकटीवर नवं यंत्र बसवलं होतं, ताटलीएवढं, मधे निळा डोळा. हेमांगीचा चेहरा पडला. "ते आता चार सभासदांचे चेहरे दिसल्याशिवाय उघडत नाही, आजोबा. नियम सतरा जसाच्या तसा टाकलाय मी त्यात. थांबा, माझा पासवर्ड आठवते."

नाना यंत्रासमोर उभे राहिले. "तोताराम बोरसे, हजर," यंत्रातली बाई म्हणाली. तिचा आवाज बँकेतल्यासारखा होता. "सभासद एक. किमान चार आवश्यक."

आणि नेमका त्याच वेळी झिपरू तीन फ्रेमा छातीशी धरून कपाटाकडे निघाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो नानांच्या मागून गेला, निळा डोळा त्याच्या छातीवर फिरला, आणि यंत्र बोलायला लागलं.

"लोटन शिंपी, हजर. भटू चौधरी, हजर. झुलाल पाटील, हजर. सभासद चार. आपली संध्याकाळ आनंदात जावो."

दार उघडलं.

सविता मटकन खाली बसली, नशीब खाली बाक होता. झिपरू फ्रेमा घेऊन जागच्या जागी थिजला. दीपकच्या तोंडातून आवाज येत नव्हता, आणि अध्यक्ष झाल्यापासून असं पहिल्यांदाच होत होतं. धुरपदाबाईंच्या हातातला फोन वाजला. टिंग.

त्यांनी तो पाहिलाही नाही. चपला बाहेर काढल्या आणि आत गेल्या.

*

खोलीत हिरव्या कापडाचं एक टेबल होतं, चार खुर्च्या, एक पंखा आणि एक खिडकी. एवढंच. चाळीस वर्षं ऐकलेल्या खोलीत आणखी काहीतरी असेल असं धुरपदाबाईंना वाटलं असणार. त्या एकेक वस्तू बघत होत्या.

"तो कठे बसे?"

"तठे. खिडकीले पाठ करीसन."

त्या त्या खुर्चीत जाऊन बसल्या. अवघडून, पिशवी मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या.

पाहुणे येऊ लागले तसा दीपक पळाला, त्याच्या मागून सविता. झिपरूनं फ्रेमा टेबलावर टेकवल्या आणि तोही सटकला. हेमांगीनं नानांना दाराशी घेतलं.

"आजोबा, एक सांगू?" ती हळू बोलली. "यंत्राला फोटो आणि माणूस यातला फरक कळत नाही. माझी चूक आहे, सहज दुरुस्त होईल. पण मी नाही केली, तर? बक्षिसाच्या यादीतून तिघांना गाळते, मेसेज बंद करते. नावं राहू दे. तुम्ही रोज पाच वाजता यायचं, तीन फ्रेमा धरायच्या, दार उघडेल. सही करायची पण गरज नाही. पप्पांना कळणारसुद्धा नाही."

नानांनी नातीकडे पाहिलं. तीन दिवसांपूर्वी जळगावहून आली तेव्हा ही पोरगी 'प्रणाली', 'पारदर्शकता' असलं बोलत होती. आता ती त्यांच्यासाठी भटूसारखी लबाडी करायला तयार होती. त्यांनी टेबलावरच्या फ्रेमांकडे पाहिलं. तीन काचा. आता स्वतः जिवंत असेपर्यंत खोली त्यांचीच राहणार होती. जळगावचा कट्टा नको, बाग नको, पाच ते सात दिपमालाच्या घरात अडगळ होणं नको. फक्त तीन काचा धरायच्या.

"नाना," आतून हाक आली.

धुरपदाबाईंनी लोटनची फ्रेम जवळ ओढली होती आणि पदरानं काच पुसत होत्या.

"हाऊ आठे इतला हासे का?"

"बठ्ठास्ना पेक्षा जास्त. मेंढी मारी का खिडकीना गज वाजाडे."

"घरमा नही हासना कधी," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. एक माहिती सांगावी तसं सांगितलं. "जेवाले बसे, कोनता हुकूम पडना, कोनी काय टाकं, बठ्ठं सांगे. पन हासे नही. माले वाटे, खेळ भलता कठीन शे." काच पुसून झाली तरी त्या पुसतच होत्या. "लेकीकडे त्याना एकच फोटो शे, आधारकार्डवरना. चोरसारखा दिखस. हाऊ माले द्या, नाना."

दाराशी उभी हेमांगी एक पाऊल आत आली.

चेहरे चार लागत होते. तीन असले की यंत्रातली बाई काय म्हणते हे त्यांना माहीत होतं, आणि ती बाई कुणाचं ऐकणारी नव्हती. आणखी एक फोटो काढून घ्या, हेमांगीनं सुचवलं असतं. तिनं तोंड उघडलंही. पण लोटन आता बाईच्या मांडीवर होता, आणि जो माणूस घरी गेला त्याला पुन्हा इथे उभं करून हजर म्हणवून घ्यायचं, हे नानांना जमण्यासारखं नव्हतं. चार वर्षं त्यांना कधी खोटं वाटलं नाही, ते आत्ता वाटलं.

"लई जा, वहिनी," ते म्हणाले. "साडेपाचनी जळगाव गाडी धरा. डाव्या खिडकीले बसा, ऊन लागाव नही. पारोळाले धा मिनिट थांबस."

धुरपदाबाईंनी पिशवीत फ्रेम घातली. ती पिशवीत मावेना. लोटनचं कपाळ आणि डोळे बाहेर राहिले, तसेच त्या त्याला घेऊन गेल्या.

मग नाना ऑफिसात गेले आणि टॅबलेटसमोर बसले. लोटन शिंपी. निधन. भटू चौधरी. निधन. झुलाल पाटील. निधन. प्रत्येक वेळी अ‍ॅपनं विचारलं, आपली खात्री आहे का? इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. तीन वेळा त्यांनी 'होय' दाबलं. "धन्यवाद," पडद्यावर आलं. "आपली यादी आता अद्ययावत आहे."

उद्घाटन छान झालं. 'सुवर्ण सभासद' म्हणून एकट्या तोताराम बोरशांचं नाव पुकारलं गेलं. तीन वर्षं एवढ्या नियमानं क्लबात येऊन या वयातही माणसं जोडून ठेवणारे, असं त्यांच्याबद्दल पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या. दीपकनं भाषणात सांगितलं की, आता कुठलाही सभासद एका बोटाच्या अंतरावर आहे. पहिल्या रांगेत दिपमाला घड्याळाकडे बघत होती. साडेपाच वाजले होते. सविता शेवटपर्यंत यंत्रासमोरून गेली नाही, मागच्या दारानं गेली.

*

सोमवारी सकाळी सविताचा फोन आला. जळगावची खोली झाडून ठेवली आहे, एक तारखेला गाडी पाठवते. नाना म्हणाले, बघू. दुपारी दीपक म्हणाला की नियम सतरा बदलता येईल, पण सर्वसाधारण सभा लागेल, एकवीस दिवसांची नोटीस लागेल, सूचक-अनुमोदक लागतील. नानांना हे ठाऊक होतं. तो नियमही त्यांचाच होता.

पावणेपाचला दिपमालानं चहा दिला. नानांनी कप हातात घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, पाच ते सात तू काय करतेस गं?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली. "कुणी नसतं, तेवढंच."

नानांनी मान हलवली, टोपी घातली आणि निघाले.

पाच वाजता ते व्हरांड्याच्या टोकाला उभे होते. "तोताराम बोरसे, स्वागत आहे. सभासद एक. किमान चार आवश्यक." ते बाजूला झाले, पुन्हा समोर आले. यंत्रानं त्यांना पुन्हा ओळखलं, पुन्हा तेच सांगितलं. ओळखत होतं, यात काही दोष काढण्यासारखं नव्हतं. ते समोरच्या बाकावर बसले. खिशात पत्त्यांचा कॅट होता. काल खोलीतून निघताना त्यांनी तो उचलला होता.

लांबून झिपरूनं विचारलं, "नाना, चहा?"

"अ‍ॅपवर मागवीन."

झिपरू गेला. बॅडमिंटन कोर्टावर कुणीतरी ओरडत होतं. पाच वाजून सात मिनिटांनी नानांच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी काढून पाहिला. पडद्यावर नाव होतं: लोटन.

त्यांनी तो तीन वेळा वाजू दिला. लोटन नेहमी चौथ्या घंटीला वैतागायचा.

"हां, बोल," ते म्हणाले.

"टिंग नही वाजनं," धुरपदाबाई म्हणाल्या. "म्हनीसन मी लावा."

"नाव काढी टाकं, वहिनी. काल."

"माले वाटनंच." मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला. "फोटो लटकाया. लेक म्हने, बाबा इतला हासे का. मी म्हनं, हासे. तुमनी खोली उघडी का?"

"एकलासाठे उघडत नही."

"असा नियम कोनी करा?"

"मीच."

"मंग तो बराबरच ऱ्हाई," त्या म्हणाल्या.

फोन कुणी ठेवला नाही. कोर्टावर बॅडमिंटनचं फूल जाळीत अडकलं होतं आणि ते काढायला कुणीतरी काठी शोधत होतं.

"नाना," धुरपदाबाई म्हणाल्या, "माले खेळता येत नही. पन चाळीस वरीस आयकेल शे. वाटा."

"आठे? बाकवर?"

"मी कठे दखस तुम्ही कठे बशेल शेतस. वाटा."

नानांनी फोन बाकावर ठेवला, स्पीकर चालू केला, पत्ते पिसले. तेरा-तेरा. भटूचे डावीकडे, झुलालचे उजवीकडे, आपले मांडीवर. समोरची तेरा पानं त्यांनी उचलली.

"तुमनी पानं माले देखनी पडतीन, वहिनी. पन मी देखीसन इसरी जास."

"थांबा. कॅलेंडर लेस. मांगे लिखस." सरकण्याचा आवाज, पेन्सिल शोधण्याचा आवाज. "हां. सांगा."

नानांनी एकेक पान सांगितलं. पलीकडे पेन्सिल चालत होती, हळूहळू, अक्षर लावून लावून. तेरावं पान सांगून त्यांनी ती गड्डी पालथी ठेवली, डोळे मिटले, उघडले, आणि ती सगळी विसरून गेले. मग आपल्या पानांमधून त्यांनी बदामाची राणी काढली आणि बाकावर टाकली.

"मी बदामनी राणी टाकी," ते म्हणाले. झुलालचं पान त्यांनी टाकलं. पंजा. "झुलालना पंजा. आते तुमना हात."

पलीकडे कॅलेंडरचा कागद सळसळला. नाना वाट बघत बसले. चार वर्षांत लोटनचं प्रत्येक पान त्यांनीच टाकलं होतं. आता ते फोनकडे बघत होते, आणि समोरून काय येणार हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.